रांग, कुंपण आणि शेताची कड

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक. यजमानांच्या नोकरीमुळे २०१२ साली न्यू जर्सीत आलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आता ती सतरा वर्षांची आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज २०१६ साली झाला, नंबर अजून लागलेला नाही. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ग्वातेमालाहून आलेले एक कुटुंब आहे. त्यातला नवरा छपरे घालण्याच्या कामावर जात असे. गेल्या महिन्यात पहाटे कामावर निघालेला असताना त्याला पकडून नेले. त्याची बायको चर्चच्या सभागृहाची साफसफाई करते आणि त्यांचा इथेच जन्मलेला मुलगा माझ्या मुलीबरोबर दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) वर्गाला बसतो. स्थलांतराचे कायदे माणुसकीला धरून बदलावेत अशा निवेदनावर आमच्या फादरांनी सह्या मागितल्या आहेत आणि कोर्टाच्या तारखांना अशा कुटुंबांसोबत जाणाऱ्यांची नावेही विचारली आहेत. यजमान म्हणतात, 'आपण दहा वर्षे रांगेत उभे आहोत, हे कुंपणावरून उडी मारून आले. बायबलच सांगते की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. आधी आपले घर पाहा.' धर्म खरोखरच कायदा मोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहायला सांगतो का? मी सही करावी का? घरात रोज जेवताना हाच विषय निघतो आणि जेवण तसेच राहते."

प्रिय भगिनी,

तुमच्या यजमानांच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण ती खरी आहे आणि तुमच्या धर्मग्रामात ती कोणी नीट ऐकून घेतलेली दिसत नाही. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा १९९० च्या कायद्याने सुमारे १,४०,००० ठरवली. तीत कर्मचाऱ्याबरोबर त्याच्या बायकामुलांचीही मोजणी होते, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. आइसलंडला जी कमाल मर्यादा, तीच भारताला. याचा हिशेब लावणाऱ्याने माणसे मोजली नाहीत, नकाशावरचे देश मोजले, असे मला नेहमी वाटत आले आहे. तेव्हा दहा वर्षे कर भरून, दर तीन वर्षांनी व्हिसाची मुदत वाढवून घेत, नोकरी गेली तर काय होईल या धास्तीत राहिलेल्या माणसाला रांग मोडणाऱ्याचा राग आला, तर तो दुष्टपणा नव्हे.

पण त्यांच्या वाक्यातला 'रांग' हा शब्द मला तपासून पाहावासा वाटतो. तुमच्यासाठी रांग आहे. ती निष्ठुरपणे लांब आहे, पण आहे. ग्वातेमालातल्या एखाद्या गावातून छपरावर काम करायला निघालेल्या माणसासाठी कोणती रांग होती? ज्या कामांना फारसे प्रशिक्षण लागत नाही, त्यांच्यासाठी कायमच्या वास्तव्याची तरतूद कायद्यात जगभरासाठी मिळून वर्षाला १०,००० इतकी आहे, आणि १९९७ च्या दुसऱ्या एका कायद्यामुळे बराच काळ प्रत्यक्षात ती सुमारे ५,००० वर आलेली होती. हंगामी व्हिसे आहेत, परंतु हंगाम संपला की परत जावे लागते, आणि मालकाने बोलावल्याखेरीज ते मिळत नाहीत. दुसरीकडे अमेरिकेतल्या शेतांवर पिके काढणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे कामाचा परवाना नाही, असे तिथल्या सरकारच्याच पाहण्या सांगत आल्या आहेत. काम देणारा दरवाजा सताड उघडा आणि कागद देणारी खिडकी जवळजवळ बंद, अशी ही व्यवस्था कित्येक दशके चालू आहे आणि तिचा फायदा घेणाऱ्यांना कोणी कुंपणावरून उडी मारणारे म्हणत नाही.

"मग आता तरी रीतसर अर्ज करावा," असे यजमान म्हणतील. तेही पाहू. १९९६ च्या कायद्यानुसार परवान्याविना एक वर्षाहून अधिक काळ राहिलेला माणूस देश सोडून गेला की त्याला १० वर्षे परत येण्यास बंदी होते. तो मुलगा जन्माने अमेरिकेचा नागरिक आहे. तो २१ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल, पण चोरून सीमा ओलांडून आलेल्या पालकाला व्हिसाच्या मुलाखतीसाठी देशाबाहेर जावे लागते, आणि बाहेर पाऊल टाकताच ही दहा वर्षांची बंदी लागू होते. बंदीतून सूट मिळवायची तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवराबायको वा आईवडील यांच्या हालअपेष्टा दाखवाव्या लागतात. नागरिक मुलाच्या हालांची गणना त्या सवलतीत होत नाही. अनियमितपणे आलेल्या माणसाने नियमित व्हावे अशी वाटच कायद्याने बुजवून ठेवली आहे आणि मग तो नियमित का होत नाही, असे आपण विचारतो.

आता धर्माचा प्रश्न. बायबलमधल्या लेवीय आणि अनुवाद या नावांच्या पुस्तकांतली परक्यावर आपल्यासारखेच प्रेम करण्याची आज्ञा, आणि तिच्यामागचे कारण, म्हणजे तुम्हीही मिसर देशात परके होता, हे तुम्ही मिस्साच्या वाचनांत अनेकदा ऐकले असेल. 'मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले' असे येशू जिथे सांगतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्यायही तुम्हाला पाठ असेल, तेव्हा त्यावर मी प्रवचन देत नाही. मला ज्या आज्ञेकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे ती त्याच लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, थोडी आधी येते आणि आपल्या शेतकरी आजोबांना ती ताबडतोब समजली असती. पीक कापताना शेताची कड पूर्ण कापू नये, खाली पडलेला सरवा वेचू नये, द्राक्षमळ्यातली गळलेली फळे गोळा करू नयेत. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत, अशी ती आज्ञा आहे. इथे शेतमालकाला उदार होण्याची विनंती केलेली नाही. कापणीचाच नियम असा घालून दिला आहे की परक्याला कोणाच्या दारात हात पसरावा न लागता स्वतःच्या कष्टाने पोट भरता यावे. माझ्या मते स्थलांतराच्या कायद्याविषयी श्रद्धेला जे म्हणायचे आहे त्याचे बीज इथे आहे. त्या बाईच्या घरी धान्याची पिशवी पोचवणे हे पुण्यकर्म आहे आणि ते करावेच. पण शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही, ते कापणीचा कायदा बदलायला सांगते. फादर तुमच्याकडे धान्याबरोबर सहीसुद्धा मागतात, त्याचे कारण हेच असावे.

हाच सरवा वेचायला बेथलेहेमच्या शेतात रूथ आली होती. ती मवाब देशाची, परकी होती, आणि मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही, असा स्पष्ट नियम अनुवादाच्या पुस्तकात लिहिलेला होता. त्या शेताचा मालक बवाज याने वेशीवर वडीलधाऱ्यांना बसवून, सर्वांच्या साक्षीने, रीतसर व्यवहार करून तिला आपल्या घरात आणले. कुंपण तोडले नाही की नियमाकडे बोट दाखवून तिला हाकलले नाही. वेशीवर बसून मार्ग काढला. ती पुढे दाविदाची पणजी झाली, आणि येशूच्या वंशावळीत तिचे नाव मत्तयाने मुद्दाम नोंदवून ठेवले.

यजमानांचे 'अधीन राहा' हे वाक्य ज्यात आहे, तो रोमकरांस पत्रातील तेरावा अध्याय मी टाळणार नाही. राज्यसत्तेला आणि कायद्याला मान द्यावा, ही आपल्या धर्माची शिकवण आहेच. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण-ग्रंथातील २२४१ वा परिच्छेद यजमानांनी जरूर वाचावा, कारण त्यात त्यांचीही बाजू आहे: सुस्थितीतल्या राष्ट्रांनी आपल्या शक्तीनुसार आसरा व उपजीविका शोधणाऱ्या परक्याचे स्वागत करावे, राज्यकर्त्यांना सर्वांच्या हितासाठी त्यावर कायदेशीर अटी घालता येतात, आणि येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. अमेरिका आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या बिशपांनी जानेवारी २००३ मध्ये संयुक्त पत्र काढले, त्यातही सार्वभौम राष्ट्राचा सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार स्पष्ट मान्य केलेला आहे. त्याच्याच शेजारी त्यांनी लिहिले की माणसाला आपल्या मायभूमीत पोट भरता आले पाहिजे, ते जमत नसेल तर स्थलांतर करता आले पाहिजे, निर्वासितांना संरक्षण मिळाले पाहिजे आणि कागदपत्रे नसलेल्याचीही मानवी प्रतिष्ठा जपली गेली पाहिजे. सीमा खुल्या टाका, असे चर्च म्हणत नाही, आणि तसे म्हणते असे सांगणारे लोक एक तर पत्र वाचत नाहीत किंवा वाचून ते झाकतात.

'आधी आपले घर' हा मुद्दाही केवळ तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा नाही. प्रेमाची उतरंड असते, आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव, मग उरलेले जग, असे अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० फेब्रुवारीला, पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिले आणि प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा असेल तर वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याची सेवा करणाऱ्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर मनन करावे, असे सुचवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरच्या बैठकीत तिथल्या बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा विशेष संदेश मंजूर केला. २१६ मते बाजूने पडली, विरोधात ५. एरवी अनेक प्रश्नांवर हे बिशप एकमेकांशी किती भांडतात ते पाहता हा आकडा मला बोलका वाटतो. तुमच्या फादरांनी स्वतःच्या मनाने काही काढलेले नाही, एवढे यजमानांना सांगावे.

आणि कायदा ही अढळ वस्तू नव्हे, हे तर भारतीयांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. १९१७ च्या कायद्याने आपल्या भागातून अमेरिकेत येण्यास जवळजवळ पूर्ण मनाई झाली. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला. १९४६ साली दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरते. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे संपवले आणि त्यानंतरच आपले डॉक्टर, अभियंते, पुढे संगणकवाले तिकडे जाऊन स्थिरावले. असे कोटे ठरवणारा १९२४ सालचा कायदा पवित्र मानून सगळे स्वस्थ बसले असते, तर आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी गणपतीही बसला नसता आणि तुमची मुलगी तिकडे दृढीकरणाच्या वर्गालाही बसली नसती.

कायदा कसा बदलावा, याचे उत्तरही हवेत नाही. २७ जून २०१३ रोजी अमेरिकी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक विधेयक मंजूर केले होते. कागदपत्रे नसलेल्यांनी दंड व थकलेला कर भरावा, गुन्हेगारी नोंदीची तपासणी करून घ्यावी, इंग्रजी शिकावे, आणि साधारण १३ वर्षांच्या वाटचालीनंतर त्यांना नागरिकत्व मिळावे, अशी त्याची रचना होती. सीमेवरच्या बंदोबस्तासाठीही मोठी तरतूद होती. पण यजमानांनी जे वाचायला हवे ते पुढेच आहे: नोकरीवरच्या ग्रीन कार्डांना असलेली ती ७ टक्क्यांची देशनिहाय मर्यादा याच विधेयकाने रद्द होणार होती. कनिष्ठ सभागृहाने ते मतदानालाच घेतले नाही. ज्या दिवशी त्या छपरावरच्या माणसाची वाट अडली, त्याच दिवशी, त्याच कागदाबरोबर, तुमची रांगही अडली. तो तुमच्या पुढे घुसला म्हणून तुम्ही मागे राहिलात हे खरे नाही. तो ग्रीन कार्डाच्या तुमच्या रांगेत नव्हताच.

१९८६ साली रेगन यांच्या काळात सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले आणि तरीही नंतर परवान्याविना येणारे थांबले नाहीत, हा आक्षेप यजमान घेतील तर तो रास्त आहे. माफी दिली, पण पुढे कामासाठी येणाऱ्यांना कायदेशीर दार ठेवले नाही, म्हणून तसे झाले. नुसती दया करून कड कापत राहिले तर पुढल्या हंगामात तोच प्रश्न उभा राहतो.

इथे थोडे विषयांतर करते. 'उपरा' हा शब्द आपण आज तुच्छतेने वापरतो, पण मराठेशाहीच्या गावात उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारे कूळ. मिरासदाराचा वंशपरंपरागत हक्क त्याला नसे, पण तो गावात राजरोस राहत असे, सारा भरत असे आणि काळ गेल्यावर मिरासपत्र करून घेऊन मिरासदारही होऊ शकत असे. त्या व्यवस्थेत उच्चनीचता भरपूर होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण कष्ट करणाऱ्या उपऱ्याला पुढे सरकायला एक पायरी होती. आपल्याच वसईत, पाणी, जागा आणि लोकलमधली गर्दी यांवरून बाहेरून आलेल्यांविषयी आपण काय काय बोलत आलो, ते मला आठवते. मीही बोलले आहे. तुम्ही न्यू जर्सीला गेलात, तेव्हा त्या वाक्यांची दुसरी बाजू तुमच्या वाट्याला आली.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यांतले अनेक हातापायांत बेड्या घातलेले. त्यांपैकी तिघे महाराष्ट्रातले होते. म्हणजे कुंपणावरून उडी मारणारा नेहमी दुसऱ्या भाषेतच बोलतो, असेही नाही.

आता तुम्हाला काय करायचे ते. सही करावी असे माझे मत आहे. आपल्या लोकप्रतिनिधीकडे निवेदन करण्याचा हक्क तिथल्या घटनेने नागरिकांपुरता राखून ठेवलेला नाही. तरीही तुम्ही व्हिसावर आहात, आणि सध्याच्या वातावरणात परदेशी नागरिकांच्या मतप्रदर्शनाकडेही वाकड्या नजरेने पाहिले गेले आहे, हे लपवून मी तुम्हाला पुढे ढकलणार नाही. सही करण्याआधी तुमच्या ग्रीन कार्डाचे काम पाहणाऱ्या वकिलांना एकदा विचारावे. त्यांनी थांबायला सांगितले, तर थांबण्यात भित्रेपणा नाही. मतदानाचा हक्क असलेल्या दहा नागरिकांच्या सह्या तुम्ही गोळा केल्यात तर त्या तुमच्या एका सहीहून जड भरतील.

कोर्टाच्या मार्गिकेत उभे राहण्याचे काम नागरिकांवर सोपवावे. २०२५ पासून तारखेला आलेल्या माणसांना मार्गिकेतच ताब्यात घेण्याचे प्रकार घडले आहेत, आणि म्हणूनच सोबतीची गरजही वाढली आहे. सॅन डिएगोचे बिशप मायकल फाम, जे स्वतः लहानपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आले, जून २०२५ मध्ये आपल्या धर्मगुरूंसह तिथल्या कोर्टात जाऊन बसले होते. तुमच्यासाठी दुसरी कामे आहेत. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून धर्मप्रांताच्या मदत केंद्राकडून किंवा खात्रीच्या संस्थेकडून त्या बाईला वकील मिळवून द्यावा. वकील नसताना 'नोटारियो' म्हणवून पैसे उकळणाऱ्यांपासून तिला वाचवणे हे मोठेच काम आहे. उद्या तिलाही नेले तर मुलाला शाळेतून कोण आणील, डॉक्टरकडे कोण नेईल, याची कागदपत्रे आजच तयार करून घ्यावीत. कोणाला घरात लपवणे किंवा अधिकाऱ्यांना अडवणे मात्र कायद्याने गुन्हा ठरू शकते. त्यात तुम्ही पडू नये, आणि फादरही तशी अपेक्षा करत नसतील.

राहिले घर. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा सारे उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो, त्याच्यावर आपण प्रवचनांतून फार ताशेरे ओढतो. बाप मेजवानी सोडून त्याचीही समजूत घालायला अंगणात आला होता, हे मात्र पटकन वाचून पुढे जातो. तुम्ही यजमानांना वादात हरवू पाहू नका. त्यांच्याबरोबर बसून निवेदनाचा मसुदा वाचा आणि त्यात काय कमी आहे ते त्यांना विचारा. मला एक गोष्ट दिसते. तुमची मुलगी तीन वर्षांची असताना आली. ती २१ वर्षांची होईपर्यंत तुमचा नंबर लागला नाही, तर आश्रित म्हणून मिळालेला तिचा दर्जा संपेल आणि जिथे ती वाढली तिथे तिला विद्यार्थी व्हिसासाठी खटपट करावी लागेल किंवा देश सोडावा लागेल. तिने कोणते कुंपण ओलांडले? वडिलांच्या व्हिसावर आलेल्या अशा मुलांना संरक्षण मिळावे, आणि देशनिहाय मर्यादा उठवावी, ही दोन वाक्ये त्या निवेदनात घालावीत असा आग्रह यजमानांनी फादरांकडे धरावा. मसुदा त्यांनीच लिहून दिला तर उत्तम. इतकी वर्षे अर्ज भरून भरून त्यांच्याइतका तो कायदा तुमच्या धर्मग्रामात कोणाला पाठ नसेल.

मुलीशीही बोला. तो मुलगा वर्गाला येणे बंद झाले असेल, तर त्याला गाडीतून आणायची जबाबदारी तिच्यावर आणि यजमानांवर सोपवून पाहा. तो नागरिक आहे, त्याला आणण्यात कसली जोखीम नाही, आणि वीस मिनिटे गाडीत शेजारी बसलेल्या मुलाविषयी जेवताना बोलण्याचा सूर थोडा वेगळा लागेल.

त्या बाईकडे डबा घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा आणि तुम्हीच येत आहात हे सांगा. दारावर न सांगता थाप पडली की त्या घरात सध्या काय होत असेल, ते तुम्ही जाणताच.